वडिलांना ॲस्बेस्टॉसिस झालाय, मुंबईच्या कंपनीकडून भरपाई मिळेल का?

मिळू शकते, पण तुम्ही नेटवर वाचलंय तशी नाही. तुम्ही लिहिलंय की वडील खटाव तालुक्यातून मुंबईला गेले, ठेकेदाराच्या हाताखाली बॉयलर आणि स्टीम पाइपला लॅगिंग (उष्णता टिकावी म्हणून ॲस्बेस्टॉसचा लेप) करायचे, आता गावी आहेत, चार पावलं चाललं की धाप लागते, डॉक्टर ॲस्बेस्टॉसिस (ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार) म्हणतात, आणि अमेरिकेत याचे कोटी मिळतात तर आपल्याला का नाही. त्या अमेरिकन वकिलांच्या जाहिराती आधी बंद करा. तिथले भरपाई देणारे ट्रस्ट दिवाळखोरीत गेलेल्या ठराविक कंपन्यांचे असतात, त्यांच्याच मालाशी संबंध आला हे दाखवावं लागतं. आपला रस्ता म्हणजे ईएसआय (पगारातून कापतात तो कामगार विमा), नाहीतर कर्मचारी भरपाई (१९२३ चा कायदा, आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय). कारखान्यात ईएसआय कापत असतील तर दावा तिकडेच, दोन्हीकडून मिळत नाही.

मी आटपाडीचा, माझ्या चुलत्यानं हेच काम केलं. पोत्यातली पावडर पाण्यात कालवायची, हातानं पाइपावर थापायची, वर कापड गुंडाळायचं, जुनं लॅगिंग काढताना तर एवढी धूळ की शेजारचा माणूस दिसायचा नाही, तोंडाला फक्त रुमाल. गावी आल्यावर खोकला सुरू झाला तर टीबीच्या गोळ्या चालू, थुंकीत काही सापडलं नाही तरी गोळ्या, आणि एकाही डॉक्टरनं विचारलं नाही की तुम्ही आयुष्यभर काम काय केलं. म्हणून सगळ्यात आधी मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांकडे जा, एचआरसीटी (छातीचा बारीक सीटी स्कॅन) आणि फुप्फुसाची फुंकायची टेस्ट करा, आणि काम काय होतं, किती वर्षं होतं, कुठं होतं हे केसपेपरवर लिहूनच घ्या. नुसतं 'फुप्फुसाचा आजार' लिहिलेला कागद कोर्टात कामाचा नाही. फॅक्टरी ॲक्टच्या (नोव्हेंबर २०२५ पासून कामगार सुरक्षा संहितेत गेलेल्या) कलम ८९ प्रमाणे कारखान्यात काम केलेल्या माणसाला हा आजार दिसला तर डॉक्टरनं फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसला लेखी कळवायचं असतं. हे बऱ्याच डॉक्टरांच्या ध्यानात नसतं, तुम्ही आठवण करा.

आता खरी मेख. ॲस्बेस्टॉसिस भरपाई कायद्याच्या यादीत आहे, त्यावर वाद नाही. पण जुन्या १९२३ च्या कायद्यात दाव्याला २ वर्षांची मुदत होती, आणि काम सुटल्यावर २ वर्षांच्या आत लक्षणं दिसली तर आजार कळला त्या दिवसापासून मुदत मोजायची असं त्याच्या कलम १० मध्ये होतं. आणि हा रोग दिसतोच धूळ आत गेल्यावर १५-२० वर्षांनी, कधी त्याहून उशिरा! कंपनीचा वकील पहिलं बोट इथंच ठेवणार. याला उत्तर आहे, योग्य कारण असेल तर भरपाईचा दावा ऐकणारे आयुक्त उशीर माफ करू शकतात, आणि सुप्रीम कोर्टानं १९९५ च्या निकालात (कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरची केस) ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना कामगारांचं आरोग्याचं रेकॉर्ड कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर संपेल तोपर्यंत ठेवायला सांगितलंय, म्हणजे रोग उशिरा येतो हे कोर्टानंच धरून चाललंय. पण यासाठी आजार पक्का कळल्याची तारीख कागदावर हवी आणि त्या तारखेनंतर घरात बसून राहू नका. नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलंय, तेव्हा मुदत आणि कलमं वकिलाकडून नव्यानं तपासून घ्या.

ठेकेदार मेला किंवा पळाला म्हणून हातपाय गाळू नका, जुन्या भरपाई कायद्याच्या कलम १२ खाली मूळ कंपनीवर दावा लागायचा. अडचण पुराव्याची. ट्रंका उपसा, पीएफची स्लिप, ईएसआय कार्ड, गेटपास, हजेरीकार्ड, युनियनची पावती, काहीही. काहीच नसेल तर बरोबर काम केलेल्यांची प्रतिज्ञापत्रं. आपल्याकडं एका गावची माणसं एकाच खोलीत राहायची, एकाच कामाला जायची, हा मोठा आधार आहे. गावच्या जत्रेला सगळे मुंबईकर येतात तेव्हा वही घेऊन बसा. त्यातल्या निम्म्यांना दम लागत असेल, त्यांनाही तपासायला लावा, चार जण मिळून गेलं की वजन पडतं.

पैशाचं स्पष्ट सांगतो. जुन्या कायद्यात पूर्ण कायमच्या अपंगत्वाला महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के गुणिले वयानुसार कायद्यात दिलेला आकडा, पगार जास्तीत जास्त १५,००० धरायचे आणि ६५ च्या पुढं आकडा ९९.३७. म्हणजे त्या वयाला अगदी वरचा हिशोब ९ लाखांच्या जरा आत. अपंगत्व ५० टक्के ठरलं तर निम्मे, आणि पगार कुठल्या सालचा धरायचा यावर भांडण वेगळंच. कंपनीचा माणूस घरी येऊन थोडे पैसे देऊन सही मागेल, करू नका, तडजोड आयुक्तांकडं नोंदवावी लागते. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, औद्योगिक कामगाराला आणि बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आणि वडिलांचे धुळीनं भरलेले कामाचे कपडे घरी कोण धुवायचं ते विचारा, ती धूळ धुणाऱ्याच्याही छातीत जाते. आई तिथं असतील आणि त्यांनाही दम लागत असेल तर त्यांचाही एक्स-रे काढा. कामगार भरपाईत बायकोच्या स्वतःच्या अशा आजारासाठी एक रुपया नाही, हे मला अजिबात पटत नाही, पण तपासणी तरी वेळेत होऊ द्या.