वरिष्ठांना अडचण सांगावी की सांभाळून घ्यावे?

साहेबांना अडचण स्पष्ट सांगितली तर आपणच कामात कमी पडतो असे त्यांना वाटेल का, ही चिंता घेऊन फोंड्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी अनेक नोकरदार येतात. वेर्णा आणि कुंडई येथील औद्योगिक वसाहतींत पाळीने काम करणारे तरुण त्यांत अधिक असतात. ओळख पटू नये इतके तपशील बदलून, संबंधित व्यक्तीच्या संमतीने, त्यांपैकी एक अनुभव येथे मांडत आहे.

या बाई डिचोली तालुक्यातल्या, औषधांच्या कारखान्यात पॅकिंग विभागात पाळीप्रमुख. झोप लागत नाही, कंपनीची बस दिसली की छाती धडधडते, अशी त्यांची तक्रार होती. रात्रपाळीत एका यंत्रावर गोळ्यांच्या पट्ट्यांचे सीलिंग वारंवार बिघडत होते आणि बाद होणारा माल वाढत होता. पण चवथीच्या रजांमुळे माणसे आधीच कमी, त्यात यंत्र बंद ठेवून दुरुस्त करा असे म्हणण्याचे धाडस त्यांना होत नव्हते. पूर्वी एका सहकाऱ्याने अशीच अडचण सकाळच्या बैठकीत मांडली, तेव्हा व्यवस्थापकांनी सर्वांसमोर ‘अडचणी नकोत, उपाय घेऊन या’ असे सुनावले होते. त्यानंतर बैठकीत कोणीही तोंड उघडले नव्हते.

‘पण मी सरांना कळवले आहे,’ असे त्या ठामपणे म्हणत होत्या. मी त्यांना मोबाइलवरचे ते संदेश मोठ्याने वाचायला सांगितले. ‘सर, सॉरी, रात्री यंत्रावर थोडा त्रास झाला, पण सांभाळून घेतले.’ तिसरा संदेश वाचताना त्या स्वतःच थांबल्या. यंत्र किती वेळा थांबवावे लागले, किती माल बाद झाला, सरांनी नेमके काय करावे, यांपैकी एकही गोष्ट त्यांत नव्हती. सरांकडून उत्तरादाखल अंगठ्याचे चिन्ह आले होते, आणि जे त्यांच्यापर्यंत पोहोचले होते त्याला ते उत्तर चुकीचेही नव्हते.

हा एकट्या त्यांचा स्वभावदोष नाही. अप्रिय बातमी देण्याचे माणसे टाळतात, हे सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी १९७० मध्येच दाखवले होते. पुढे २००० मध्ये एलिझाबेथ मॉरिसन आणि फ्रान्सिस मिलिकेन यांनी संस्थांमधील सामूहिक मौनाचा विचार मांडला: बोलून उपयोग नाही किंवा बोलणे धोक्याचे आहे, असा समज कर्मचाऱ्यांमध्ये पसरला की संपूर्ण विभाग गप्प होतो. ‘माझे दार सर्वांसाठी उघडे आहे’ असे व्यवस्थापक कितीही वेळा सांगोत, आधी आत गेलेल्याचे काय झाले हेच बाकीचे पाहत असतात. म्हणून या मौनाची मोठी जबाबदारी मी वरिष्ठांवरच ठेवते, आणि तसे बाईंनाही सांगितले, कारण त्या सगळा दोष स्वतःकडे घेत होत्या.

तरीही यंत्र बिघडलेलेच होते, आणि व्यवस्थापक बदलण्याची वाट पाहणे त्यांना परवडणारे नव्हते. आम्ही संदेश नव्याने लिहिला. माफी काढून टाकली. बिघाड केव्हापासून आहे, पाळीमागे किती पट्ट्या बाद होतात, दुरुस्तीला किती वेळ लागेल आणि कोणत्या दिवसापर्यंत निर्णय हवा, एवढेच ठेवले. बैठकीत चारचौघांत तो विषय न काढता, आदल्या दिवशी वेळ मागून सरांना स्वतंत्र भेटायचे ठरले. भेटीत एक प्रश्न मुद्दाम विचारायला सांगितला: ‘सर, अशी गोष्ट तुम्हाला केव्हा आणि कशी कळवलेली बरी?’ कळवण्याची रीत एकदा वरिष्ठांच्याच तोंडून ठरली की पुढच्या वेळी अवेळी बोलल्याचा ठपका ठेवणे त्यांना कठीण जाते. भेटीनंतर झालेले बोलणे दोन ओळींत लिहून पाठवावे, हेही सुचवले.

व्यवस्थापकांनी आधी ‘हे इतके दिवस का सांगितले नाही?’ असे विचारले. या प्रश्नाची तयारी आम्ही केली होती, त्यामुळे त्या गडबडल्या नाहीत. बैठकीतला तो प्रसंग त्यांनी कोणालाही दोष न देता सांगितला. दुरुस्तीसाठी यंत्र एक पाळी बंद ठेवण्यात आले, आणि यापुढे पाळी संपताच आकड्यांसह कळवावे असे ठरले. बाईंची झोप बरीच सुधारली आहे. बैठकीतला सरांचा सूर मात्र तसाच आहे आणि तो सहकारी अजूनही बोलत नाही. त्याविषयी थेट सरांशी बोलावे की मनुष्यबळ विभागाकडे जावे, याचा विचार आम्ही सध्याच्या भेटींत करत आहोत.