काकांची द्रौपदी कुठं शोधायची?

प्रश्न: ताई नमस्कार, माझे धाकटे काका दशावतारात, म्हणजे कोकणात जत्रेला रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, स्त्रीपार्टी होते, म्हणजे द्रौपदी, तारामती, सीता अशी बायकांची कामं करायचे, कुडाळ-सावंतवाडीकडच्या जत्रांमधून जवळजवळ चाळीस वर्षं. मागच्या मार्गशीर्षात गेले. मी लहानपणी मे महिन्यात गावी जायचे तेव्हा सकाळी काका नाटकावरून घरी यायचे, खोबरेल तेल लावून रंग काढलेला असायचा पण कानाच्या मागे सफेदा, तो तोंडाला लावायचा पांढरा रंग, तसाच राहायचा आणि तसेच ते गुरांना पाणी दाखवायला जायचे, मला अजून तो कानच आठवतो. आता वर्षश्राद्धाला त्यांच्यावर एक छोटी स्मरणिका काढायची मनात आहे, त्यात त्यांचे गाजलेले संवाद छापायचे होते पण घरात एक ओळ लिहिलेली नाही. एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे, लागत नाही. चुलतभाऊ म्हणतो ट्रंकेतले शालू, टोप देऊन टाकूया कुणाला तरी, आणि आत्या म्हणते बाईच्या वेशातला फोटो छापू नका, लोक काय म्हणतील. काय करू?
— एक पुतणी, डोंबिवली

उत्तर: अगं, ओळ मिळणारच नाही, कारण ती कधी लिहिलेलीच नव्हती! दशावताराला संहिता नसते हे तुला माहीत असेलच पण विसरलीस बहुतेक. संध्याकाळी देवळाच्या मागे रंग लावता लावता कंपनीचा मालक सांगणार आज अमुक आख्यान, तू धर्मराज, तू दुःशासन, तू द्रौपदी, एवढीच काय ती तालीम, मग रात्री गणपती, रिद्धी-सिद्धी आणि आपला तो काळा विनोदी राक्षस संकासुर येऊन मालवणीत सगळ्यांची टर उडवून गेला की आख्यान सुरू, आणि पुढचं सगळं तिथल्या तिथं. मागे एक पडदा, पुढे एक बाकडं, बाजूला पेटी, पखवाज, झांज. राजदरबारही त्याच बाकड्यावर आणि वनवासही. काकांची द्रौपदी आज सोनुर्लीत जे बोलली ते उद्या दुसऱ्या गावात बोलणार नाही, समोरचा दुःशासन कोण आहे, पखवाजावर कोण बसलंय त्याप्रमाणे बदलणार.

म्हणून स्मरणिकेत संवाद छापायचा हट्ट सोड. एक सांगते, माझे मामा गिरणीत होते आणि परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांच्या नाटकात कामं करायचे, ते गेल्यावर त्यांचं नाटकाचं पुस्तक मिळालं, स्वतःची सगळी वाक्यं लाल पेन्सिलने अधोरेखित केलेली. मी तीनदा वाचलं आणि मामा काही त्यात सापडले नाहीत हो. मग त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं की एका वाक्याआधी तुझा मामा धोतराचा सोगा झटकायचा आणि मुद्दाम इतका वेळ थांबायचा की मला घाम फुटायचा, वाटायचं विसरला हा. हे कुठल्या पुस्तकात असणार? तुझ्याकडे संहिता नाही म्हणून तू रडतेयस, माझ्याकडे होती, उपयोग शून्य.

तेव्हा काकांच्या समोर जे उभे राहायचे त्यांना शोध. त्यांचा दुःशासन कोण करायचं, हरिश्चंद्र कोण, आणि सगळ्यात आधी पेटीवाले आणि पखवाजवाले, कारण नट बदलतात पण ही माणसं रात्रभर एकाच जागी बसून सगळं बघत असतात. मोबाईलवर रेकॉर्ड कर. ‘काका कसे होते’ असं विचारू नकोस, सगळे ‘भला माणूस’ म्हणून मोकळे होतील. विचार की वस्त्रहरणाला काका काय करायचे, रडायचे का भांडायचे? बघ मग कसे उठून करून दाखवतात ते. आणि मालवणीत बोलले तर मालवणीतच छाप, उगाच पुस्तकी मराठी करू नकोस. घरात काकांची पांडवप्रतापाची किंवा हरिविजयाची पोथी असेल तीही चाळ, दशावतारी लोक कथा त्यातूनच उचलतात, कुठे पेन्सिलची खूण असली तर ती काकांचीच समज.

आत्याचं म्हणशील तर, बालगंधर्वांनी शालू नेसला की ती कला, पुण्या-मुंबईच्या बायका त्यांच्यासारखं नेसायला बघायच्या, आणि आपल्या भावाने नेसला की लोक काय म्हणतील? चाळीस वर्षं लोक थंडीत घोंगडी घेऊन पहाटे नाटक संपतानाच्या दहीकाल्यापर्यंत त्यांनाच बघत बसले होते ना. फोटो छाप. मोठा छाप. आत्याला पहिली प्रत दे, रागावेल चार दिवस. मात्र शेजारी एक साधा, लुंगीतला, गुरांबरोबरचा मिळाला तर तोही घाल, कान दिसणारा.

ट्रंकेबद्दल चुलतभाऊ फार चुकीचं बोलत नाहीये, फक्त ‘कुणाला तरी’ नको. कंपनीत नवीन पोरगा स्त्रीपार्टी करत असेल तर त्याला दे, या लोकांना कपडेपट, टोप, दागिने बऱ्याचदा पदरचे घालावे लागतात आणि ते स्वस्त नसतात. एखादा शालू घरी ठेव, पण ड्रायक्लीनला टाकू नकोस, काकांची खूण जाईल. कॅसेट जुन्या मशीनमध्ये घालून घालून बघू नका, आत पांढरी बुरशी दिसत असेल तर अजिबातच नको, रीळ तुटतं. जुन्या कॅसेटी कॉपी करून देणाऱ्या स्टुडिओत दे आणि पेनड्राइव्ह दोन करून घे, एक गावी एक तुझ्याकडे.

आणि तू विचारलं नाहीस तरी सांगते, काकी आहेत का? काकांना सरकारचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन मिळत होतं का ते बघ, २०२४ पासून महिना ५००० रुपये झालंय, आणि कलावंत गेल्यावर ते पती किंवा पत्नीला चालू राहतं, पण आपोआप नाही, कागद द्यावे लागतात. पंचायत समितीत चौकशी कर. स्मरणिकेच्या आधी हे कर खरं तर.

कार्तिक लागलाय, जत्रा सुरू झाल्यात, म्हणजे कंपनीची माणसं आता रोज वेगळ्या गावात. फोन करून आजचं नाटक कुठं ते विचार आणि संध्याकाळी रंग लावायच्या वेळेला जा. दुपारी जाऊ नकोस, झोपलेले असतात.