कार्डिफचा एक चषक आणि ०.०२४ ने हुकलेली लीग

रेक्सहॅमला हॉलिवूडचे मालक मिळाल्यापासून आपल्याकडेही वेल्सच्या फुटबॉलबद्दल कुतूहल वाढले आहे. या वेळच्या पत्रांत मात्र सर्वाधिक प्रश्न कार्डिफ सिटी या वेल्सच्याच, पण इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणाऱ्या क्लबबद्दल आहेत, आणि ते मला बरे वाटले. विक्रमांच्या यादीत हा क्लब जितका विचित्र दिसतो तितका क्वचितच दुसरा दिसेल.

इंग्लंडचा एफए कप इंग्लंडबाहेर नेणारा कार्डिफ हा एकमेव क्लब आहे, असे वाचले. हे खरे का? की प्रचाराचा भाग? – एक वाचक, सांगली

शंभर टक्के खरे. २३ एप्रिल १९२७, वेम्बली, कार्डिफ १, आर्सेनल ०. त्याआधी ग्लासगोच्या क्वीन्स पार्कने १८८४ आणि १८८५ अशी सलग दोन वर्षे अंतिम फेरी गाठली होती, पण दोन्ही वेळा ब्लॅकबर्न रोव्हर्सने त्यांना हरवले. कार्डिफनंतर आजवर कुणाला ते जमलेले नाही. स्वतः कार्डिफलाही नाही: २००८ मध्ये ते पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले आणि पोर्ट्समथच्या कानूच्या एका गोलवर हरले.

१९२७ चा तो गोल देखणा अजिबात नव्हता. सामना संपायला पाव तास उरला असताना ह्यूई फर्ग्युसनने दुरून एक साधा फटका मारला. आर्सेनलचा गोलरक्षक डॅन लुईस गुडघ्यावर बसला, चेंडू त्याने जवळजवळ छातीशी धरलाही, पण तो निसटून काखेखाली गेला. वळून पकडायला गेला तर कोपराचाच धक्का लागला आणि चेंडू रेषेपार. लुईसने दोष नव्या लोकरी जर्सीच्या गुळगुळीतपणाला दिला. तेव्हापासून आर्सेनल अंतिम सामन्याआधी गोलरक्षकाची जर्सी धुऊन घेते, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकाच म्हणून घ्या.

यातली गंमत अशी की लुईस स्वतः वेल्सचा. आणि वेल्सला चषक मिळवून देणाऱ्या कार्डिफच्या अकरा जणांत वेल्सचे किती? तीन. कर्णधार फ्रेड कीनॉर, अर्नी कर्टिस आणि लेन डेव्हिस. गोलरक्षक टॉम फार्क्वारसन आयर्लंडचा, फर्ग्युसन स्कॉटलंडचा, आणि इंग्रज फक्त एक, बिली हार्डी. ‘वेल्सने इंग्लंडला हरवले’ असे त्या सामन्याचे वर्णन करणाऱ्यांनी ही संघयादी एकदा तरी वाचावी.

रेडिओवर थेट समालोचन झालेला एफए कपचा हा पहिलाच अंतिम सामना. श्रोत्यांना चेंडू कुठे आहे ते कळावे म्हणून मैदानाचे आकडे घातलेले चौकोन आधी छापून दिले होते. समालोचक खेळ सांगायचा आणि त्याच्या जोडीला दुसरा नुसता चौकोनाचा आकडा.

१९२४ मध्ये कार्डिफची लीग ‘दशांशाने’ गेली म्हणतात. गणित समजावून सांगाल का? – एक शिक्षिका, अहिल्यानगर

बाई, हा प्रश्न तुमच्या वर्गात फळ्यावर घालण्यासारखा आहे.

तेव्हा विजयाला दोन गुण होते. १९२३-२४ च्या हंगामाअखेर हडर्सफील्ड टाउन आणि कार्डिफ दोघांचे ५७ गुण झाले. बरोबरी सोडवायची पद्धत होती गोलसरासरी, म्हणजे केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचे. हडर्सफील्डने ६० केले, ३३ खाल्ले: १.८१८. कार्डिफने ६१ केले, ३४ खाल्ले: १.७९४. फरक ०.०२४. विजेतेपद हडर्सफील्डला.

आता आजच्या नियमाने बघा. आज भागाकार नाही, वजाबाकी करतात. ६० वजा ३३ म्हणजे २७. ६१ वजा ३४ म्हणजेही २७! मग ज्याचे गोल जास्त तो वर, आणि एका गोलाने कार्डिफ विजेता. एकही सामना बदलला नाही, फक्त चिन्ह बदलले. भागाकाराची ही पद्धत बचाव करणाऱ्या संघांना झुकते माप देते अशी ओरड बरीच वर्षे होती. इंग्लिश लीगने ती टाकून गोलफरक आणला तो थेट १९७६-७७ च्या हंगामात.

पण सगळे खापर नियमावर फोडायला मी तयार नाही. शेवटच्या दिवशी कार्डिफ बर्मिंगहॅममध्ये खेळत होते. ०-० असताना त्यांना पेनल्टी मिळाली. लेन डेव्हिसने ती घेतली, गोलरक्षकाने अडवली. तिकडे हडर्सफील्डने नॉटिंगहॅम फॉरेस्टला ३-० ने हरवले. ती पेनल्टी आत जाऊन सामना जिंकला असता, तर ५८ गुण झाले असते आणि दशांशाची गरजच पडली नसती. हा डेव्हिस म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे, कार्डिफसाठी लीगमध्ये त्याच्याइतके गोल कुणाचेच नाहीत, १२८. वेल्सच्या कुठल्याही क्लबला इंग्लंडची अव्वल लीग त्यानंतर जिंकता आलेली नाही.

त्या हडर्सफील्डचे व्यवस्थापक होते हर्बर्ट चॅपमन. तीन वर्षांनी वेम्बलीवर हरलेल्या आर्सेनलचेही तेच! फिट्टंफाट झाली म्हणायला हरकत नाही.

एवढा मोठा क्लब होता तर मग नंतर नाव का ऐकू येत नाही? – एक वाचक, पुणे

कारण उतरणही विक्रमी होती. १९२७ ला चषक, १९२९ ला पहिल्या डिव्हिजनमधून (तेव्हाच्या अव्वल श्रेणीतून) खाली, १९३१ ला दुसऱ्यातूनही खाली, आणि १९३४ ला तिसऱ्या डिव्हिजनच्या दक्षिण गटात तळाला. तळाच्या क्लबाला तेव्हा लीगमध्ये राहू द्या म्हणून इतर क्लबांपुढे मतांची झोळी पसरावी लागे. चषकविजेत्यांवर सात वर्षांत ती पाळी आली. त्यातही १९२८-२९ चा हंगाम पाहा: पहिल्या डिव्हिजनमध्ये सर्वात कमी गोल खाल्ले कार्डिफने, आणि शेवटचा क्रमांकही कार्डिफचाच. बचाव भक्कम, पण पुढे गोल करायला कुणी नाही.

प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे आजच्या अव्वल श्रेणीत, ते दोनदा आले, २०१३-१४ आणि २०१८-१९. दोन्ही वेळा एकाच हंगामात परत गेले. २०२५ मध्ये तर थेट तिसऱ्या श्रेणीत घसरले.

दुसऱ्या डिव्हिजनच्या कार्डिफने रेआल माद्रिदला हरवले होते का? युरोपच्या स्पर्धेत ते गेलेच कसे? – एक वाचक, मडगाव

गेले ते मागच्या दाराने, पण दार अधिकृत होते. वेल्श कप ही वेल्सची स्वतःची चषकस्पर्धा जिंकणाऱ्या वेल्सच्या क्लबाला युरोपच्या कप विनर्स कपमध्ये प्रवेश मिळत असे. इंग्लंडच्या लीगमध्ये तो क्लब कितवा आहे याच्याशी त्याचा संबंध नव्हता. कार्डिफने या सवलतीचे सोने केले.

१० मार्च १९७१ रोजी निनियन पार्क या कार्डिफच्या तेव्हाच्या मैदानावर नायजेल रीसच्या क्रॉसवर ब्रायन क्लार्कने हेडर मारला आणि माद्रिद ०-१ हरले. उपांत्यपूर्व फेरीची ही पहिली लढत. दुसरी माद्रिदमध्ये झाली, तिथे कार्डिफ २-० हरले आणि स्पर्धेबाहेर गेले. त्यामुळे ‘हरवले’ हे खरे, ‘बाद केले’ हे खोटे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रांत हा फरक सोयीस्कर गाळलेला असतो.

माझ्या मते मोठी कामगिरी त्याआधीची, १९६७-६८ ची. तेव्हा ते उपांत्य फेरीपर्यंत गेले. वाटेत मॉस्कोच्या टॉर्पेडो या क्लबाला हरवले. मॉस्कोत हिवाळा, म्हणून परतीचा सामना ताश्कंदला! दोघांचा एकेक विजय झाल्यावर तिसरा सामना जर्मनीत ऑग्सबर्गला खेळावा लागला आणि कार्डिफने तो १-० जिंकला. मग उपांत्य फेरीत हॅम्बर्गशी त्यांच्या घरी १-१ बरोबरी, आणि स्वतःच्या मैदानावर अगदी शेवटी गोल खाऊन २-३ अशी हार.

रेक्सहॅम मोठे की कार्डिफ? आमच्या ग्रुपवर रोज भांडण चालू आहे. – एक वाचक, ठाणे

भांडत राहा. दोघांकडे पुरावा आहे. वय रेक्सहॅमचे जास्त, स्थापना १८६४ ची, कार्डिफची १८९९ ची. वेल्श कप रेक्सहॅमकडे २३, कार्डिफकडे २२. २०२३, २०२४ आणि २०२५ अशा सलग तीन बढत्या मिळवून रेक्सहॅमने जे केले ते इंग्लंडच्या वरच्या पाच श्रेणींत आधी कुणी केले नव्हते. पण अव्वल श्रेणीत रेक्सहॅम अद्याप एकदाही खेळलेले नाही. तिथवर वेल्सचे दोनच क्लब पोहोचले, कार्डिफ आणि स्वॉन्झी. आणि स्वॉन्झीला विसरू नका. २०१३ चा लीग कप त्यांनी ब्रॅडफर्डला ५-० ने हरवून जिंकला आहे. वेल्सकडे गेलेला इंग्लंडचा मोठा चषक एकटा कार्डिफचाच, असे कुणी म्हणाले तर एवढे ऐकवा.

एका हंगामात कार्डिफकडून सर्वाधिक गोल कुणाचे? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

रॉबर्ट अर्नशॉ, २००२-०३ मध्ये सर्व स्पर्धा मिळून ३५, त्यातले ३१ लीगमध्ये. आधीचा विक्रम चषकवीर फर्ग्युसनचा होता, ३२. अर्नशॉचा जन्म झांबियातला, खेळला वेल्सकडून.

निळ्या जर्सीचा क्लब मध्येच लाल का झाला होता? – एक वाचक, नागपूर

मलेशियाचे मालक व्हिन्सेंट टॅन यांनी २०१२ मध्ये जर्सी लाल केली. आशियात लाल रंग शुभ, तिकडे क्लब खपेल, असा हिशेब. चाहते संतापले, पण २०१३ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद आणि प्रीमियर लीगची बढती त्याच लाल जर्सीत मिळाली, त्यामुळे ओरडणाऱ्यांची पंचाईत झाली. खाली घसरल्यावर जानेवारी २०१५ मध्ये टॅन यांनी माघार घेतली आणि घरच्या सामन्यांना पुन्हा निळी आली. बढतीचा फोटो मात्र लालच राहिला.