मशीनने ८३ टक्के म्हटलं, मग?

"मॅडम, सॉफ्टवेअरने ८३ टक्के दाखवलंय. आता बोलायला काय उरलं?" वडील बसता बसताच म्हणाले. मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. तिची इंग्रजी असाइनमेंट 'एआयने लिहिलेली' म्हणून परत आली होती. ती काही सांगायला लागली की वडील हातानेच थांबवत.

हल्ली हा प्रश्न घेऊन बरेच पालक येतात. मी आधी आकड्याकडे वळले. काही सॉफ्टवेअरमध्ये तो फक्त किती मजकूर संशयास्पद वाटला एवढंच सांगतो. मुलगी दोषी असण्याची शक्यता त्यातून कळत नाही.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये एआयचं लिखाण ओळखणारं असं एक साधन आणलं होतं. कंपनीच्याच चाचणीत त्याने एआयचा २६ टक्के मजकूर ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारला. जुलैत ते बंद झालं. मी कागद पुढे केला. समजा, १०० मुलांपैकी १० जणांनी खरंच एआय वापरलं. त्यातले दोन-तीन सापडतील आणि बाकीच्या ९० मधले आठ निष्पाप अडकतील. वडील बँकेतले, पेन घेऊन त्यांनी हिशोब स्वतः परत केला आणि गप्प झाले.

आजची साधनं वेगळी आहेत, मान्य. पण स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्येच सात साधनं तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले होते. साधे शब्द, ठरावीक वाक्यं. मराठी माध्यमातून आलेली आपली मुलं असंच तर लिहितात! मला या गोष्टीचा फार त्रास होतो.

मग मुलीला विचारलं, "लिहिलंस कसं?"

वहीत मराठीत मुद्दे, मग गुगल डॉक्समध्ये इंग्रजी, शेवटी व्याकरणाच्या ॲपने दुरुस्ती. "ते चालतं का, माहीत नव्हतं."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठे, पप्पा?"

ती खरं बोलतेय की नाही, हे मला तेव्हा ठामपणे कळलं नव्हतं. वडिलांना तसं सांगितलंही. घरी उलटतपासणी घेऊ नका. वही आणि डॉक्समधली व्हर्जन हिस्टरी, म्हणजे मजकूर कधी-कसा बदलत गेला याची नोंद, घेऊन तिला सरांकडे जाऊ द्या, ॲपचं तिनेच सांगू दे, तोंडी परीक्षा मागू दे, एवढंच सुचवलं.

सरांनी तोंडी घेतली. दोन प्रश्नांना ती अडखळली, बाकीची उत्तरं नीट दिली. ॲपबद्दल समज मिळाली, असाइनमेंट जमा झाली.