आरटीओ म्हणजे गाडीचं ऑफिस नव्हे

प्रश्न : मी जळगावची. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स झालंय. पुण्यात स्टोरेज सपोर्टच्या मुलाखतीत विचारलं, ‘रेड पाच लावलंय ना, मग बॅकअप कशाला?’ व्याख्या घडाघडा म्हटली, पण उत्तर येईना. पंधरा दिवसांनी ऐरोलीला दुसरी मुलाखत आहे. चार पानं शब्द पाठ करतेय, डोक्यात राहत नाहीत. बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. काय करू?

उत्तर : ती चार पानं आधी बाजूला ठेव. त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या बिघाडावरचा इलाज आहे. बिघाड कळला की शब्द पाठ करावा लागत नाही.

रेडचंच बघ. 1988 साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडलं, की एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या बऱ्याच डिस्क एकत्र बांधा; हेच रेड. पण डिस्क वाढल्या की मरणाऱ्याही वाढल्या, मग काय? वहीत तीन रकाने पाड, प्रत्येक रकाना म्हणजे एक डिस्क. पहिल्यात 1011 लिही, दुसऱ्यात 0110. आकडे सारखे असतील तिथे तिसऱ्यात 0, वेगळे असतील तिथे 1. झालं 1101. आता मधली डिस्क मेली समजून तो रकाना हाताने झाक आणि उरलेल्या दोघांना तोच नियम लाव. 0110 परत हजर! ही पॅरिटी. रेड पाच ती सगळ्या डिस्कवर वाटून ठेवतं, एवढंच.

आता कोणी चुकून फाइल डिलीट केली तर? रेड ती चूकही इमानेइतबारे सगळीकडे लिहून ठेवेल. तुझ्या मुलाखतीतलं उत्तर हे होतं.

पुढचा प्रश्न येईल रेड सहाचा. मेलेल्या डिस्कच्या जागी घातलेली 16 टीबीची नवी डिस्क सेकंदाला 200 एमबीने भरायला घेतली तरी 80,000 सेकंद, म्हणजे बावीस तास लागतात. त्या वेळात दुसरी डिस्क गेली तर रेड पाच संपलं. सहा तेही सोसतं.

सॅन आणि नास या नेटवर्कवरून स्टोरेज देण्याच्या दोन पद्धती; त्यांच्यात पोरं उगाच अडकतात. नास तयार फोल्डर देतं. सॅन कोरी डिस्क देतं, तिला लन म्हणायचं. सर्व्हर तिच्यावर स्वतःची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडायची व्यवस्था, घालतो.

लनवरून माझीच फजिती सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका ग्राहकाचा चालू लन मी भलत्याच सर्व्हरला जोडून दिला. तिथल्या माणसाने रिकामी डिस्क समजून फॉरमॅट मारला. वेळ दुपारी चारची, शेवटचा बॅकअप रात्री दोनचा. चौदा तासांचं काम गेलं आणि डेटाबेस उभा करायला आणखी सहा तास लागले. किती तासांचा डेटा गेलेला चालेल, ही आधी ठरवलेली मर्यादा म्हणजे आरपीओ. किती वेळात सगळं परत सुरू व्हायला हवं, ती आरटीओ. (मलाही तेव्हा आरटीओ म्हणजे लायसन्सच वाटायचं.)

आरपीओ शून्य हवा असेल तर सिंक्रोनस रेप्लिकेशन लागतं : दुसऱ्या जागीही लिहिलं गेल्यावरच ‘झालं’ म्हणायचं. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला साधारण 200 किलोमीटर जातो. मुंबई-चेन्नई हजाराच्या वर, म्हणजे प्रत्येक राइटला जाऊन-येऊन दहा मिलिसेकंदांहून जास्त थांबायचं. म्हणून अशी प्रत जवळपास ठेवतात आणि लांबच्या शहरात थोडी मागे चालणारी असिंक्रोनस.

आता सराव. लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने बनवलेल्या लुटुपुटुच्या कॉम्प्युटरमध्ये) लिनक्स टाक, तीन छोट्या व्हर्च्युअल डिस्क जोड, एमडीएडीएम या लिनक्समधल्या रेडच्या साधनाने रेड पाच बनव. मग एक डिस्क मुद्दाम फेल कर, नवी घाल आणि रीबिल्डची, म्हणजे ती परत भरण्याची, टक्केवारी चढताना बघत बस. मुलाखतीत हे सांगितलंस तर समोरचा खुर्चीत पुढे सरकेल.

बाबांची काळजी खोटी नाही. सुरुवातीच्या सपोर्टमध्ये रात्रपाळ्या असतात, टिकेटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, असतात, मध्यरात्री व्हेंडरला फोन लावून डिस्क मागवणं असतं. तरी मी म्हणेन, एक वर्ष करून बघ. पुढे क्लाउडकडे जायचं झालं तरी हीच भाषा आहे; ॲमेझॉनचं ईबीएस म्हणजे ब्लॉक स्टोरेज, सॅनसारखी कोरी डिस्क; 2006 पासूनचं एस-थ्री म्हणजे ऑब्जेक्ट स्टोरेज, तिथे अख्खी फाइल एका नावाखाली ठेवायची. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा असेल तर भर, पण ऐरोलीची मुलाखत होईपर्यंत त्या परीक्षेचं पुस्तक उघडू नकोस.

आणि निघताना दोन गोष्टी तूच विचार : महिन्याला रात्रपाळ्या किती, आणि बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, आहे का.