शिबिरात बीपी जास्त निघालं, आता काय?

प्रश्न : वय ४२, सांगलीत लिपिक आहे. उंची १६५ सेंमी, वजन ७८ किलो, कंबर ९८ सेंमी. ऑफिसातल्या शिबिरात बीपी १४८/९४ निघालं. तसा त्रास नाही. जिना चढताना दम लागतो, दुपारी डोळे मिटतात. गोळी सुरू करावी का?
– एक वाचक, विश्रामबाग

उत्तर : एका मोजणीवर गोळी सुरू करू नका. पण त्रास नाही म्हणून तो कागद ड्रॉवरमध्येही टाकू नका, कारण वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही.

रांगेत उभं राहून, नुकताच चहा घेऊन, बोलत बोलत मोजलं की आकडा चढतो. दंडाला पट्टा लहान पडला तरी चढतो. म्हणून दंडाचं मशीन घ्या, मनगटाचं नको. आधी टेपनं दंडाचा घेर मोजा आणि त्या मापाचा पट्टा मागा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर, एकावर एक नकोत. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला आणि उघड्या दंडावर. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, संध्याकाळी पुन्हा तसंच. सात दिवस सगळे आकडे लिहा, बरे दिसतील तेवढेच नव्हे. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. १३५/८५ किंवा जास्त आली, तर बीपी खरंच वाढलेलं आहे.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २८.७ येतो, आपल्याकडे २५ पासून लठ्ठपणा धरतात. आम्हाला जास्त काळजी कंबरेची वाटते. पुरुषांची मर्यादा ९० सेंमी, आणि पोटावरची चरबीच बीपी-साखरेला जास्त नडते. सहा महिन्यांत चार किलो उतरवले तरी फरक पडतो. साधारण किलोमागे बीपीचा वरचा आकडा एकानं उतरतो. चारच्या चहाबरोबरचं भडंग, जेवणातलं लोणचं-पापड आधी कमी करा. दिवसाचं सगळं मीठ धरून चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत हवं. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास आमराईत चाला, पण बोलता येईल आणि गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं.

जिन्यावरचा दम मात्र वजनाच्या नावावर खपवू नका. डॉक्टरांकडून ईसीजी, साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) आणि लघवी तपासून घ्या. रात्री घोरता का, हे घरच्यांना विचारून डॉक्टरांना सांगा. घोरण्यामुळे रात्रीची झोप नीट होत नसेल, तर दुपारची झोप तिथूनही येत असेल.

छातीत दुखलं, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूची ताकद गेली, तर बीपी मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. नाहीतर आठव्या दिवशी वही आणि मशीन दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा, म्हणजे त्यांच्या मशीनशी तुमचं पडताळून घेता येईल.