अकरा महिन्यांच्या बाळाचे जेवण, मोबाईल आणि घरातली माणसे

तुमचा प्रश्न काळजीपूर्वक वाचला. तुम्ही ठाण्याला सासू-सासऱ्यांसह राहता, नोकरी पुन्हा सुरू झाली आहे, मुलगा ११ महिन्यांचा आहे. महिनाभरापासून तो घास पाहिला की तोंड फिरवतो, मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय खात नाही, नवव्या महिन्यात ८.२ किलो असलेले वजन आता ८.६ किलोच आहे, आणि शेजारचे त्याच्याच वयाचे मूल चालू लागल्यामुळे आपल्याकडे काहीतरी कमी पडते आहे असे घरात सर्वांना वाटू लागले आहे. माझी दोन मुले याच वाटेने मोठी झाली, आणि अंगणवाडीच्या कामात या वयाची पुष्कळ मुले व त्यांच्या चिंतेत पडलेल्या आया मी जवळून पाहिल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून बाळ उपाशी राहते आहे असे मला वाटत नाही. त्याला आता स्वतःच्या हाताने खायचे आहे आणि घर अजून त्याला भरवते आहे, हे मुख्य कारण दिसते.

आधी वजनाचे पाहू, कारण सगळी भीती तेथूनच सुरू झाली आहे. पहिल्या तीन महिन्यांत मूल महिन्याला साधारण एक किलोने वाढते. ९ ते १२ महिन्यांच्या काळात हीच वाढ महिन्याला दोनशे-अडीचशे ग्रॅमवर येते. म्हणजे दोन महिन्यांत ४०० ग्रॅम ही त्याची नेहमीची चाल आहे. जन्माचे वजन २.९ किलो होते असे तुम्ही लिहिले आहे. वर्षाला ते साधारण तिप्पट व्हावे, आणि तुमचे बाळ त्याच्या अगदी जवळ आले आहे. माता व बाल संरक्षण कार्डावर वाढीचा जो आलेख असतो त्यावर हे दोन्ही आकडे मांडून पाहा. दोन्ही ठिपके एकाच रेषेच्या किंचित वर, तिला धरून पडतील. आलेखात पाहायचे असते ते हेच, की मूल आपली रेषा धरून आहे की खाली घसरते आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे हे आलेख ज्या सहा देशांतल्या मुलांच्या मोजमापांवरून तयार झाले त्यांत भारतही होता आणि आपल्याकडची मोजमापे दिल्लीत घेतली गेली, त्यामुळे ‘ही परदेशी मुलांची मापे आहेत’ ही शंका मनात ठेवण्याचे कारण नाही. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. नेमक्या याच सुमारास बाळ रांगू लागते, वस्तू धरून उभे राहते, आणि एका जागी बसून तोंड उघडण्यापेक्षा खोलीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे हे त्याला अधिक महत्त्वाचे वाटते.

आता दिवसभरात पोटात काय जाते ते पाहू. सकाळी तुमचे दूध, मग नऊ वाजता वाटीभर खीर, अकराला ‘काही खाल्ले नाही’ म्हणून गाईचे दूध, बाराला वरण-भाताचे चार घास, दोनला पुन्हा दूध, चारला आजोबांच्या चहात बुडवलेले बिस्कीट, पाचला दूध, आणि सात वाजता तुम्ही घरी येता तेव्हा जेवणाची ओढाताण. या वेळापत्रकात बाळाला भूक लागायला जागाच उरलेली नाही. गाई-म्हशीचे दूध वर्षाच्या आत मुख्य आहार म्हणून देऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण त्यात लोह अत्यल्प असते, आणि दुधाने पोट भरले की लोह देणाऱ्या अन्नाला वाव राहत नाही. जेवणात थोडे दही किंवा खिरीत थोडे दूध चालते. बाटलीभर दूध जेवणाच्या जागी येऊ नये. चहा तर अजिबात नको, कारण त्यातील घटक अन्नातले लोह शोषू देत नाहीत. तुमचे स्वतःचे दूध मात्र बंद करण्याचे काही कारण नाही. सासूबाई ‘आता त्यात काही सत्त्व नाही’ म्हणतात ते बरोबर नाही. दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही अंगावर पाजावे अशीच शिफारस आहे. सकाळी उठल्यावर, तुम्ही कामावरून आल्यावर आणि झोपताना पाजा, आणि मधले सगळे वरचे दूध काढून दिवसातून तीन जेवणे व एखादा मधला खाऊ एवढेच ठेवा. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचे अंतर राहिले की चार-पाच दिवसांत फरक दिसू लागतो.

मोबाईलबद्दल मला ठामपणे लिहायचे आहे. दोन वर्षांच्या आत पडदा नको अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची सूचना आहे आणि जागतिक आरोग्य संघटनाही वर्षाच्या आत शून्य वेळ सांगते. लांबच्या नातलगांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल केला तर तेवढी सूट आहे. जेवताना तर त्याचा तोटा दुहेरी होतो. पडद्याकडे पाहणारे बाळ काय खाते आहे ते पाहत नाही, पोट भरल्याचे त्याला कळत नाही, आणि घास न चावता गिळण्याचा किंवा गालात धरून ठेवण्याचा धोका राहतो. मोबाईल काढताना एकदम आणि सर्वांनी मिळून काढा. एका जेवणाला आजीने काढला आणि दुसऱ्याला बाबांनी लावला, तर बाळ रडण्याचाच मार्ग शिकेल. शनिवार-रविवार धरून सुरुवात करा, दिवाणखान्यातला दूरदर्शन संचही त्या वेळी बंद ठेवा, आणि पहिले दोन-तीन दिवस बाळ फारच कमी खाईल हे घरात आधीच बोलून ठेवा. जेवण वीस-पंचवीस मिनिटांत संपवा. त्याने मान फिरवली, हात झटकला, तर ताटली शांतपणे उचला आणि पुढच्या वेळेपर्यंत काही देऊ नका. मागे मागे फिरून भरवणे हे प्रेमापोटीच होते, हे मला ठाऊक आहे. पण त्याने जेवण म्हणजे पकडापकडी असे बाळाच्या मनात बसते.

आणि त्याला हाताने खाऊ द्या. या वयाचे बाळ जमिनीवर पडलेले एक भाताचे शीत कसे उचलते ते एकदा थांबून पाहा: आधी पूर्ण पंजा खाली येतो, मग तर्जनी पुढे होते, अंगठा तिला येऊन मिळतो, शीत दोनदा निसटते, तिसऱ्यांदा चिमटीत येते आणि तोंडाशी पोहोचेपर्यंत नजर हलत नाही. जे बाळ एका शितासाठी इतके कष्ट घेते ते जेवणाला कंटाळलेले नाही. त्याला सर्वांच्या बरोबर बसवा, पाठ सरळ राहील आणि पाय टेकतील असे. समोर काठाची छोटी ताटली ठेवून तीत वाफवलेल्या लाल भोपळ्याच्या बोटाएवढ्या फोडी, वरणात भिजवून मऊ केलेला भाकरीचा तुकडा, उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे, मऊ इडली असे दोन-तीन प्रकार थोडे थोडे द्या. एक चमचा त्याच्या हातात, एक तुमच्या. अर्धे अन्न खाली सांडेल; खाली जुनी चादर अंथरा. सगळे मिक्सरमधून काढून पातळ करणे आता थांबवायला हवे, कारण नऊ-दहा महिन्यांपर्यंत गाठीगाठीचे अन्न चावायची सवय लागली नाही तर पुढे मुले घन अन्न नाकारतात. घास जरा मागे गेला की बाळ तोंड वेडेवाकडे करते, ओकारी काढते, आवाज करते. त्या वेळी घाबरू नका, ते स्वतः घास पुढे आणते. ज्यात आवाज बंद होतो ते खरे गुदमरणे. त्यासाठी पाठीवर थापा आणि छातीवर दाब कसे द्यायचे हे तुमच्या डॉक्टरांकडून घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः दिवसभर बाळ सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनी, प्रत्यक्ष शिकून घ्यावे.

काय द्यावे यात सासूबाईंच्या ज्ञानाचा उपयोग करून घ्या. तुमच्या लिहिण्यात त्यांच्याशी होणारे मतभेदच अधिक आले आहेत, पण नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून, दळून, वस्त्रगाळ सत्त्व करणे हे काम त्या करतात असेही तुम्हीच लिहिले आहे. हे फार मोलाचे आहे. मोड आणल्याने नाचणीतली खनिजे अधिक चांगली अंगी लागतात. त्यांना ‘हे देऊ नका’ असे सांगण्यापेक्षा ‘बाराचे जेवण पूर्ण तुमच्याकडे’ असे सांगा, आणि ठरवून तीनच गोष्टी पाळायला सांगा: मध नाही, वरून मीठ-साखर नाही, अख्खे दाणे नाहीत. खोकल्यावर मध चाटवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण वर्षाच्या आत मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोटुलिझम हा स्नायू लुळे करणारा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून हा नियम मोडू नये. बाकी मुगाच्या वरणाचा मऊ भात आणि तूप, पालक घातलेली खिचडी, मसूर, दाण्याचे बारीक कूट घातलेली भाजी, तुमच्याकडे चालत असेल तर काटे काढलेला मासा किंवा चिकनचा खिमा, हे सर्व लोहासाठी उपयोगी आहे. वरणावर लिंबाचे दोन थेंब पिळा; डाळी-भाज्यांतले लोह त्याने चांगले शोषले जाते. लोहावर मी इतका भर देते, कारण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयाची आढळली होती. हे केवळ गरीब घरांचे दुखणे नाही. दूध-बिस्किटांवर वाढलेल्या खात्यापित्या घरांतल्या मुलांतही ते असते.

चालण्याची काळजी सोडून द्या. निरोगी मुले साधारण आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत केव्हाही स्वतंत्र चालू लागतात, आणि तुमचे बाळ सोफा धरून कडेकडेने सरकते आहे. आणलेले वॉकर मात्र परत करा. त्याने चालणे लवकर येत नाही, उलट लांबते. पडण्याचे आणि भाजण्याचे अपघात होतात ते वेगळेच, आणि याच कारणाने कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. अनवाणी पायांनी लादीवर मोकळे सोडणे पुरेसे आहे. रात्रीच्या तीन वेळा उठण्याबद्दल एवढेच म्हणेन की या वयात आई दिसेनाशी झाली की ती कोठेतरी आहे हे बाळाला कळू लागलेले असते, म्हणूनच ते शोधते आणि रडते. शिवाय दिवसभर दूर राहिलेल्या आईचे दूध ते रात्री भरून काढते. संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाकघरात जाण्याआधी अर्धा तास फक्त त्याच्याजवळ बसा, पाजा, आणि कुकर लावायचे काम त्या वेळी दुसऱ्या कोणीतरी करावे. ते काम बाळाच्या बाबांचे असायला काहीच हरकत नाही. त्यांचा उल्लेख तुमच्या प्रश्नात वॉकर आणण्यापुरताच आला आहे. रात्रीच्या एका उठण्याला त्यांनी बाळाला थोपटले तर तुम्हाला सलग चार तास झोप मिळेल, आणि नोकरी करणाऱ्या आईला ती अत्यंत आवश्यक आहे.

बोरन्हाण जरूर करा, पण तयारी बाळाच्या वयाची ठेवा. बोरे, हरभरे, शेंगदाणे, उसाचे करवे, हलव्याचे दाणे यांतली प्रत्येक वस्तू या वयात घशात अडकू शकते, आणि हलव्याचे दागिने तर थेट त्याच्या तोंडाशीच येतात. डोक्यावरून ओतायला फुलांच्या पाकळ्या आणि थोडे चुरमुरे घ्या, बाकीचा खाऊ मोठ्या मुलांच्या हातात वेगळा द्या, दागिने छायाचित्रापुरते घालून लगेच काढा, आणि कार्यक्रम संपल्यावर बाळाला खाली सोडण्याआधी एकाने जमिनीवर बसून सोफ्याखालचा दाणा न् दाणा वेचावा. वाढदिवसासाठी संध्याकाळी साडेसातचे सभागृह ठरवत आहात. तुमचे बाळ साडेआठला झोपते. त्याऐवजी सकाळी दहाच्या सुमारास, त्याची पहिली झोप झाल्यावर, घरीच औक्षण करून जवळच्या माणसांना जेवायला बोलवावे असे मला वाटते. या वयात अनोळखी चेहऱ्यांची भीती सर्वात जास्त असते, म्हणून त्याला हातोहात फिरवू नये. पाहुण्यांनी आधी जवळ बसावे, बाळ आपणहून हात पुढे करील तेव्हा घ्यावे. फुग्यांचे फुटलेले तुकडे आणि खेळण्यांतल्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या त्याच दिवशी उचलून टाका. बॅटरी गिळली गेली तर काही तासांतच अन्ननलिका भाजते, त्यामुळे नुसता संशय आला तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

वाढदिवसाच्या आठवड्यातच डॉक्टरांकडे एक फेरी ठेवा. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस दोन्ही कार्डावर नोंदले आहेत का ते पाहा, हिमोग्लोबिन तपासावे का ते विचारा, आणि लोहाचे औषध सुरू आहे का तेही सांगा. सरकारी आरोग्य केंद्रातून व आशाताईंकडून ६ महिन्यांच्या पुढच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर या प्रमाणात ते मिळते. मात्र वजन सलग दोन महिने वाढले नाही किंवा उतरले, लघवी कमी झाली, आधार घेऊनही बाळ उभे राहत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, किंवा बोबडे आवाज काढत नसेल, तर वाढदिवसाची वाट न पाहता आधीच दाखवा.